आवृत्तीचे नाव आणि भाषेचे रूप : बांधणीच्या स्क्रिप्टांतील भाषानिर्णयाची चिकित्सा

१

भाषेचे कोणते रूप आपल्यापुढे आहे हे ठरविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. भाषकाला त्याच्या भाषेचे नाव विचारावे, हा पहिला. त्याच्याकडून ठरावीक वाक्ये वदवून घ्यावीत आणि त्यांतील रूपांवरून निर्णय करावा, हा दुसरा. १९६१ च्या जनगणनेने १६५२ मातृभाषांची नावे नोंदली. परंतु तेवढ्यावरून या देशात १६५२ भाषा आहेत असे कोणी भाषाभ्यासक म्हणणार नाही. उलट ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात, ज्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला, उधळ्या पुत्राची एकच कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेण्यात आली, ती नावावर विसंबावयाचे नाही या भूमिकेतूनच. दोन्ही मार्गांचे गुणदोष आपल्या शास्त्राला चांगले परिचित आहेत.

हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात अगदी निराळ्या वेषात उपस्थित झाला आहे, आणि तेथे त्याचा निर्णय माणूस करीत नसून माणसाने लिहून ठेवलेली एक स्क्रिप्ट करते. या निर्णयाची रीत भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हे बहुधा मूळ लिखित संहितेच्या रूपाने वाटले जाते. ते ज्याच्या हाती पडते त्याने आपल्या यंत्रावर त्याची बांधणी करावयाची असते. बांधणीपूर्वी एक स्क्रिप्ट चालविली जाते. ती त्या यंत्राची झडती घेते : सी भाषेचा कंपायलर आहे काय, पायथनचा इंटरप्रिटर आहे काय, आणि असल्यास त्या भाषेची आवृत्ती कोणती. मिळालेल्या उत्तरांप्रमाणे ती पुढील कामाचा आराखडा आखते. आवृत्ती निराळी म्हणजे भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह काही अंशी निराळा. एका आवृत्तीत शुद्ध असलेले वाक्य दुसरीत अशुद्ध ठरू शकते. यास्तव स्क्रिप्टला आवृत्तीचा निर्णय करणे भागच असते.

संगणकाची भाषा ही मानवी भाषेच्या अर्थाने भाषा नव्हे, सबब हा विषय आपला नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. सी किंवा पायथन यांना जन्मजात भाषक नाहीत, त्यांच्यात ध्वनिपरिवर्तन होत नाही, हे मान्य. परंतु आवृत्तीचे नाव, तिचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचे वाचन ही सर्व माणसांनी ठरविलेल्या संकेतांची व्यवस्था आहे. या व्यवस्थेत जे बिघाड होतात ते गणिताचे क्वचित्च असतात. बहुतेक वेळा ते अर्थग्रहणाचे असतात. आणि अर्थग्रहण हा आपला विषय आहे.

२

प्रथम क्रमांकाचा विचार करू. ‘३.१०’ हे चिन्ह कागदावर लिहिलेले दिसले तर त्याचा अर्थ काय? दशांश अपूर्णांक म्हणून वाचले तर ३.१० आणि ३.१ एकच, आणि दोन्ही ३.९ पेक्षा लहान. परंतु गीतेच्या अभ्यासकाने २.४७ असे लिहिले तर दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक असा त्याचा अर्थ आपण निमूटपणे घेतो. २.५ हा श्लोक २.४७ च्या पुष्कळ आधी येतो, याविषयी कोणास शंका येत नाही. चिन्ह तेच, बिंदू तोच. परंतु एका संकेतात तो बिंदू पूर्णांकाला अपूर्णांकापासून वेगळा करतो आणि दुसऱ्या संकेतात दोन स्वतंत्र पूर्णांकांमधील सीमा दाखवितो. आवृत्तीचा क्रमांक या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो संख्या नव्हे. तो क्रमाने वाचावयाच्या संख्यांची मालिका आहे.

ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याविषयी घोटाळा होऊ नये असे वाटेल. घोटाळा झाला तो येणेप्रमाणे. ऑटोमेक हे बांधणीच्या स्क्रिप्टा रचण्याचे एक जुने व सर्वत्र वापरले जाणारे साधन आहे. त्यात पायथन शोधण्यासाठी एक तयार मॅक्रो दिलेला असतो. सापडलेल्या पायथनच्या आवृत्तीचे संक्षिप्त नाव काढण्यासाठी हा मॅक्रो, पायथन स्वतःविषयी जो मजकूर सांगतो त्यातील पहिली तीन अक्षरे कापून घेत असे. २.७ पासून २.७, ३.९ पासून ३.९; पायथनच्या ३.९ पर्यंतच्या प्रत्येक आवृत्तीच्या बाबतीत ही युक्ती बरोबर ठरली. ३.१० पुढे आली तेव्हा मात्र पहिली तीन अक्षरे ‘३.१’ अशी निघाली. ३.१ ही आवृत्ती खरोखरच होऊन गेलेली आहे. ती २००९ साली प्रसिद्ध झाली होती. म्हणजे उत्तर निरर्थक निघाले नाही, सार्थ पण खोटे निघाले. आणि सार्थ पण खोटे उत्तर हे निरर्थक उत्तरापेक्षा नेहमीच अधिक घातक असते, कारण ते ऐकणाऱ्याला शंका येत नाही. या संक्षिप्त नावावरून फायली ठेवण्याच्या निर्देशिकेचे किंवा जोडावयाच्या लायब्ररीचे नाव घडवावे, अशी स्क्रिप्टांची सर्वसाधारण पद्धत असल्याने एका अक्षराची ही काटछाट पुढे बांधणीभर पसरे.

येथे टीकाकाराच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच मॅक्रोच्या शेजारी, सापडलेली आवृत्ती किमान अपेक्षेइतकी आहे की नाही हे पाहणारा दुसरा भाग आहे, आणि तो निर्दोष आहे. तो क्रमांकाचे बिंदूंवर तुकडे करतो, प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून वाचतो आणि मग तुलना करतो. म्हणजे एकाच लेखनात एके ठिकाणी क्रमांकाचे व्याकरण अचूक जाणलेले आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी तोच क्रमांक केवळ अक्षरांची रांग म्हणून कापलेला आहे. तेव्हा ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. तुलना करताना क्रमांकाच्या अर्थाकडे लक्ष द्यावे लागते म्हणून तेथे सावधपणा आला. नाव काढताना अर्थाची गरज भासली नाही म्हणून तेथे आकारावर भागविले गेले. आकार आणि अर्थ यांची संगती दीर्घकाळ टिकली की लिहिणारा आकारालाच अर्थ समजू लागतो, या सर्वसामान्य भाषिक प्रवृत्तीचे हे नमुनेदार उदाहरण आहे. स्वतः पायथनच्या दस्तऐवजात, या मजकुरातून आवृत्तीची माहिती कापून काढू नये, त्यासाठी घटकशः दिलेली स्वतंत्र माहिती वापरावी, असा स्पष्ट इशारा आहे. ऑटोमेकमधील दोष १.१६.३ या आवृत्तीत, २०२० साली, पायथन ३.१० प्रसिद्ध होण्यापूर्वीच दुरुस्त झाला, पायथन ३.१० आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. परंतु ऑटोमेकने घडविलेली स्क्रिप्ट सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात आयतीच बांधून दिलेली असते. जुन्या गठ्ठ्यांत जुनी स्क्रिप्ट तशीच राहिली, आणि मूळ दुरुस्त होऊनही प्रती अशुद्धच राहिल्या. हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचित असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

हा दोष एका साधनाचा किंवा एका भाषेचा नाही. यॅमल या लेखनपद्धतीत बांधणीचे आदेश लिहिताना ३.१० हा क्रमांक अवतरणचिन्हांवाचून लिहिला तर तो दशांश संख्या म्हणून वाचला जातो आणि शेवटचे शून्य गळून ३.१ उरतो. पर्ल भाषेत ५.१० या आवृत्तीची मागणी केवळ दोन घटकांनी लिहिली तर ती ५.१०० अशी वाचली जाते. कारण पर्लच्या जुन्या क्रमांकांत दशांशानंतर तीन स्थाने एका घटकाची, असा संकेत होता आणि २००० सालच्या ५.६.० पासून नवा संकेत आला तरी जुना गेला नाही. जावाच्या बाबतीत आठवी आवृत्ती स्वतःला १.८ म्हणवीत असे. २०१७ मध्ये नववी आली ती सरळ ९ म्हणून. तेव्हा आरंभीचा एक सोडून दुसरा घटक वाचणाऱ्या स्क्रिप्टांच्या पायाखालची भूमीच सरकली. फ्रीबीएसडी ही भाषा नव्हे, कार्यप्रणाली आहे. पण तिचा दाखला याच जातीचा आहे. तिची दहावी आवृत्ती तयार होऊ लागली तेव्हा, ‘एक’ या अंकाने आरंभ होणारी प्रत्येक आवृत्ती म्हणजे पहिली आवृत्ती, असे मानणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांनी तिला आदिकालीन ठरविले आणि तिच्यावर सामायिक लायब्रऱ्या बांधण्याचे नाकारले.

याउलट सी भाषेच्या मानकाने जो मार्ग पत्करला तो विचार करण्याजोगा आहे. तेथे आवृत्तीचे चिन्ह वर्ष आणि महिना मिळून झालेला सहा अंकी पूर्णांक आहे : १९९९०१, २०१११२, २०१७१०, २०२३११. यात बिंदू नाही, म्हणून बिंदूचे दोन अर्थही नाहीत; आणि मोठी संख्या म्हणजे नंतरचे मानक हा अर्थ सामान्य अंकगणितातूनच निघतो. जे चिन्ह चुकीचे वाचणेच कठीण, ते चिन्ह चांगले.

३

क्रमांक नीट वाचला तरी तो सांगतो कोण, हा प्रश्न राहतोच. स्क्रिप्ट यंत्राला विचारते : पायथन नावाची आज्ञा आहे काय? आहे असे उत्तर आले म्हणून पायथनची कोणती भाषा मिळाली हे कळत नाही. पायथन ३.० ही डिसेंबर २००८ मध्ये आली आणि ती २ शी पूर्णपणे सुसंगत नव्हती. आर्च लिनक्सने २०१० मध्ये ‘पायथन’ हे उघडे नाव तिसऱ्या आवृत्तीस दिले. पुढे २०११ मध्ये पायथनच्या व्यवस्थापनाने जो संकेत सुचविला त्यात हे नाव दुसऱ्या आवृत्तीकडे राहावे, असे म्हटले होते. २०१९ मध्ये त्यात सुधारणा होऊन वितरकांना मोकळीक देण्यात आली. दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि त्यानंतरच्या कित्येक यंत्रांवर ‘पायथन’ हे अंकरहित नाव आरंभी नसतेच. ‘पायथन३’ तेवढे असते. म्हणजे सुमारे दहा वर्षांच्या काळात एकाच नावाचे तीन अर्थ झाले : दुसरी भाषा, तिसरी भाषा, आणि काहीच नाही. ज्या स्क्रिप्टेने नावावरून निर्णय केला ती यंत्रागणिक निराळा निर्णय देऊ लागली.

नाव मिळाल्यावर ‘तुझी आवृत्ती कोणती’ असे विचारावे, तर त्या उत्तराचाही एक इतिहास आहे. पायथन आपली आवृत्ती पूर्वी त्रुटी-संदेशांसाठी राखून ठेवलेल्या मार्गाने सांगत असे, ३.४ पासून ती नेहमीच्या मार्गाने सांगू लागली. नेहमीच्या मार्गावरच कान ठेवून बसलेल्या स्क्रिप्टेला पायथन २ कडून उत्तर म्हणून रिकामी ओळ मिळे. उत्तर दिले गेले होते. ऐकणाऱ्याने ते दुसऱ्या दाराशी ऐकावयास हवे होते.

आणि स्वतःविषयी सांगितलेले नाव खरे असतेच असेही नाही. क्लँग हा सी भाषेचा स्वतंत्र कंपायलर आहे. परंतु तो जीसीसीची ओळख धारण करतो, आणि जीसीसीची आवृत्ती म्हणून ४.२.१ हा क्रमांक सांगतो. यात लबाडी नाही, नाइलाज आहे. जगातील असंख्य स्क्रिप्टा व शीर्ष-फायली ‘तू जीसीसी आहेस काय’ एवढाच प्रश्न विचारून पुढील दार उघडतात. ज्या समाजात अमुक बोलीचे नाव सांगितल्यावाचून प्रवेश मिळत नाही, त्या समाजात बाहेरचा भाषक ते नाव सांगू लागतो. नाव विचारण्याच्या पद्धतीने नावाचा प्रामाणिकपणाच नष्ट केला, असा हा प्रकार आहे.

४

नावाच्या या अविश्वसनीयतेची जाणीव संगणकशास्त्रज्ञांना नव्हती असे नाही. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी ऑटोकॉन्फ रचले. यंत्राच्या वा आवृत्तीच्या नावावर न जाता हवे ते वैशिष्ट्य प्रत्यक्ष आहे की नाही हे एकेक करून पाहावे, हे त्याचे वळण पहिल्यापासून आहे. स्क्रिप्ट एक लहानसा प्रोग्रॅम लिहिते, कंपायलरपुढे ठेवते, आणि तो स्वीकारला गेला तर ते वैशिष्ट्य आहे असे मानते. हा ग्रिअर्सनचाच मार्ग होय. बोलीचे नाव पुसू नका. वाक्य वदवून घ्या. समभाषा-रेषा एकेका वैशिष्ट्याची काढावयाची असते, बोलीच्या नावाची नव्हे, हे बोलीविज्ञानाचे तत्त्व येथे स्वतंत्रपणे पुन्हा सापडले, याचे आपण स्वागत केले पाहिजे.

तथापि या पद्धतीची जितकी स्तुती झाली तितकी तिची चिकित्सा झालेली दिसत नाही. क्षेत्रकार्य करणारा प्रत्येक विद्यार्थी शिकतो की, माहितगाराने एखादे रूप दिले नाही तर त्याची कारणे अनेक असू शकतात. ते रूप त्याच्या बोलीत नसेल. किंवा आपला प्रश्न त्याला कळला नसेल. किंवा प्रश्नच अशा भाषेत विचारला गेला असेल की त्याला तो अशिष्ट वाटला. नोंदीच्या पत्रिकेवर ‘रूप नाही’ आणि ‘उत्तर मिळाले नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात. स्क्रिप्टेच्या पत्रिकेवर मात्र रकाने दोनच : आहे, नाही. प्रोग्रॅम नाकारला गेला की ‘नाही’ची खूण होते. का नाकारला गेला, हे विचारले जात नाही.

या उणिवेची किंमत अलीकडे स्पष्ट झाली. सी भाषेच्या जुन्या रीतीत, घोषणा न केलेले फंक्शन वापरणे आणि मुख्य फंक्शनच्या परत-मूल्याचा प्रकार न लिहिणे चालत असे. १९९९ च्या मानकाने ही सूट काढून घेतली. परंतु कंपायलरांनी ती पुढे अनेक वर्षे, फार तर इशारा देऊन, चालू ठेवली. क्लँगच्या १६ व्या आवृत्तीने २०२३ मध्ये आणि जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीने मे २०२४ मध्ये असे लेखन मूलतः अशुद्ध ठरविले. आता जुन्या स्क्रिप्टांतील कित्येक चाचणी-प्रोग्रॅम त्या शिथिल रीतीनेच लिहिलेले होते. नवा कंपायलर ते नाकारतो. विचारलेले वैशिष्ट्य त्याच्यापाशी नाही म्हणून नव्हे, तर प्रश्नच जुन्या व्याकरणात लिहिलेला आहे म्हणून. आणि स्क्रिप्ट नोंद करते : वैशिष्ट्य नाही. परिणाम असा की अत्यंत अद्ययावत यंत्रावर अत्यंत जुनाट पर्याय निवडला जातो, आणि बांधणी यशस्वी झाली असा निरोप मिळतो. भाषेची परीक्षा घेणाऱ्या वाक्याची भाषा स्वतःच शिळी झाली, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

याहून गंभीर उदाहरण २०२४ च्या मार्चमधील आहे. एक्सझेड हे माहितीचे आकुंचन करणारे, लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असणारे साधन. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी बुद्धिपुरस्सर एक मागचे दार बसविले असल्याचे अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च रोजी उघडकीस आणले. त्याचा एक दुवा वितरणाच्या गठ्ठ्यातील बांधणीच्या मॅक्रोत लपविलेला होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच प्रकरणातील एक लहानशी बाब अधिक बोधप्रद आहे. लिनक्समध्ये लँडलॉक नावाची एक सोय आहे. तिच्या साह्याने प्रोग्रॅम स्वतःच्याच अधिकारांना मर्यादा घालून घेऊ शकतो. ही सोय यंत्रावर आहे की नाही हे पाहणारा चाचणी-प्रोग्रॅम बांधणीच्या एका मार्गात, सीमेकच्या स्क्रिप्टेत, होता. त्या प्रोग्रॅमात एका ओळीवर एक एकटा बिंदू पडलेला आढळला. ज्या नावाखाली मागचे दार आले त्याच नावाने केलेल्या बदलातून तो आला होता. त्या बिंदूमुळे प्रोग्रॅम कोणत्याही कंपायलरला कधीही स्वीकारता आला नसता. म्हणून चाचणीचे उत्तर प्रत्येक यंत्रावर ‘नाही’ असेच येई, आणि त्या मार्गाने बांधलेल्या साधनातून संरक्षण गुपचूप वगळले जाई.

एका बिंदूने हे साधले, याचे आश्चर्य करण्यापेक्षा ते कशामुळे साधले हे पाहावे. ‘प्रश्न अशुद्ध आहे’ आणि ‘वैशिष्ट्य नाही’ ही दोन उत्तरे स्क्रिप्टेने एकच मानली नसती, तर तो बिंदू पहिल्याच बांधणीत सापडला असता. दुष्ट हेतूला नवे शस्त्र घडवावे लागले नाही. प्रचलित पद्धतीतील संदिग्धता त्याला आयतीच मिळाली.

५

आतापर्यंतच्या विवेचनाचे तात्पर्य असे की, नाव विचारावे की वैशिष्ट्य पाहावे, हा या क्षेत्रात दीर्घकाळ चाललेला वाद गौण आहे. नाव विचारणाऱ्याने चिन्ह चुकीचे वाचले, वैशिष्ट्य पाहणाऱ्याने मौन चुकीचे वाचले. दोघांचा दोष एकच : न समजल्याची नोंद करण्यास जागा नसणे. रिकामी ओळ आली, तीन अक्षरांत न मावणारा क्रमांक आला, किंवा प्रश्न नाकारला गेला. तिन्ही वेळा स्क्रिप्टेला खरे तर ‘मला कळले नाही’ असे म्हणावयाचे होते. तो शब्द तिच्या कोशात नसल्याने तिने जवळचा शब्द उचलला.

ऑटोकॉन्फने घडविलेली स्क्रिप्ट कंपायलरचे संपूर्ण म्हणणे एका नोंदवहीत उतरवून ठेवते, सबब माहिती नष्ट होत नाही, असा एक बचाव केला जाईल. तो वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु पडद्यावर ‘नाही’ असे छापून खरे कारण वहीत ठेवणे म्हणजे निष्कर्ष प्रसिद्ध करून पुरावा कपाटात ठेवणे होय. ज्याला शंका आली तोच वही उघडतो. आणि यशस्वी बांधणीत शंका येण्याचे कारणच नसते. दुसरा बचाव असा की, स्क्रिप्ट प्रत्येक संशयाच्या वेळी थांबू लागली तर कोणाचीच बांधणी पुरी होणार नाही. यातही तथ्य आहे. परंतु थांबणे आणि गुपचूप पुढे जाणे यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती सांगून पुढे जाण्याची. वापरणाऱ्याने एखादे अंग स्पष्ट शब्दांत मागितले असेल तर संशयाच्या वेळी थांबावे. मागितले नसेल तर, हे अंग अमुक कारणाने वगळले आहे, असे अखेरीस ठळकपणे सांगावे. कित्येक चांगल्या स्क्रिप्टा आजही असे करतात. तो अपवाद न राहता नियम व्हावा.

थांबताना काय सांगावे, हाही भाषेचाच प्रश्न आहे. पायथनमधून डिस्टयूटिल्स नावाचे मॉड्यूल २०२३ मध्ये, ३.१२ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आले. पायथनच्या निर्देशिका विचारण्यासाठी, इतकेच नव्हे तर आवृत्त्यांची तुलना करण्यासाठीही, अनेक जुन्या स्क्रिप्टा याच मॉड्यूलवर अवलंबून होत्या. ते न मिळाल्यावर सर्वत्र वापरला जाणारा एक जुना मॅक्रो वापरणाऱ्याला सांगे की, आपली पायथनची स्थापना तपासून पाहा. स्थापनेत काहीच दोष नव्हता. जुने झाले होते ते मॅक्रोचे ज्ञान. तो थांबला हे योग्यच केले. परंतु आपल्या अज्ञानाचा दोष त्याने माहितगाराच्या माथी मारला. मला अपेक्षित असलेली वस्तू या आवृत्तीत आढळत नाही, एवढे विधान त्याच्या अधिकारातले होते. त्यापलीकडील विधान अनधिकृत होते.

यावरून काही नियम सुचविता येतील. आवृत्तीचा क्रमांक भाषेच्या इंटरप्रिटरकडूनच घटकशः घ्यावा, आणि घटकांची तुलना पूर्णांक म्हणून करावी. अक्षरे कापू नयेत. विशिष्ट सोय हवी असेल तर त्या सोयीचीच चाचणी करावी. परंतु प्रत्येक चाचणीबरोबर तिची एक नियंत्रक जोड ठेवावी. म्हणजे, तोच प्रोग्रॅम, विचारलेली सोय तेवढी वगळून, आधी चालवून पाहावा. तोही नाकारला गेला तर दोष प्रश्नात आहे, असे समजून उत्तर ‘अनिश्चित’ असे नोंदवावे. ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट आरंभी, कंपायलर मुळात चालतो की नाही, हे एकदा पाहते. तीच दक्षता प्रत्येक प्रश्नाच्या वेळी घ्यावी, एवढेच येथे मागणे आहे. शेवटी, स्क्रिप्ट लिहिली गेली तेव्हा अस्तित्वात नसलेली आवृत्ती समोर आली तर, माझ्या यादीत नाव नाही एवढ्याच कारणाने ती नाकारू नये. जिवंत भाषेचे पुढचे रूप कोशात नसणे हा भाषेचा दोष नव्हे.

हा सर्व खटाटोप कोणासाठी? मोठ्या संस्थांच्या सॉफ्टवेअरला सांभाळणारे पुष्कळ असतात. त्यांची स्क्रिप्ट आज बिघडली तर उद्या दुरुस्त होते. परंतु शब्दकोश, शुद्धलेखन-तपासणी, शब्दांचे रूपविश्लेषण किंवा हस्तलिखितांची संपादने यांसाठी लहान भाषासमाजांनी वा एखाद्या विभागाने तयार केलेली साधने बहुधा एकदोघांच्या श्रमावर उभी असतात. मराठीच्या अभ्यासासाठी असे साधन ज्याने हाताळले आहे त्याला हे सांगावयास नको. कर्ता दुसऱ्या कामाला लागतो, गठ्ठा तसाच राहतो, आणि काही वर्षांनी कोणी विद्यार्थी त्याची बांधणी करू जातो. तेव्हा स्क्रिप्टेने, ही आवृत्ती मला ओळखता आली नाही, असे म्हटले तर तो विद्यार्थी एक ओळ बदलून पुढे जाईल. तिने ‘पायथन नाही’ असे सांगितले, अथवा अर्धेच साधन बांधून पूर्ण झाले म्हणून सांगितले, तर तो ते साधन निकामी समजून टाकून देईल, आणि त्यासह त्यात साठवलेले भाषाज्ञानही. साधन मेलेले नसते. त्याच्या वतीने बोलणाऱ्या स्क्रिप्टेने दिलेली ग्वाही चुकीची असते.

भाषेचे वर्णन करणाऱ्याने आपल्या अज्ञानाची सीमा वर्णनातच दाखवावी, ही शिस्त भाषाशास्त्राने फार पूर्वी अंगीकारली. नकाशावर न पाहिलेली गावे कोरी ठेवण्याचा संकेत त्यातूनच आला. बांधणीची स्क्रिप्ट हीदेखील एका यंत्राच्या भाषिक स्थितीचे वर्णनच आहे. तिच्यात कोऱ्या जागेसाठी एक खूण असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.